किल्ली झेलिंदामावशीकडे

२ एप्रिल, मंगळवार

नोव्हेंबरनंतर आज वही उघडते आहे. चार महिने कोरे गेले, त्याबद्दल माफी मागायची तर कुणाची? वहीची मागणं हास्यास्पद, आणि स्वतःची मागितली की ती लगेच मिळते, म्हणून तिला काही किंमत नाही. खरं कारण लिहून टाकते. पेरुजाच्या दप्तरखान्यातली माझी नोकरी डिसेंबरात संपली. कंत्राट होतं, संपलं, नवीन झालं नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

तेर्नीला माझी बहीण आहे. तिच्या नवऱ्याच्या फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला माणूस हवं आहे आणि ती जागा ते माझ्यासाठी मेच्या सुरुवातीपर्यंत अडवून ठेवणार आहेत. बहिणीने हे इतक्या प्रेमाने सांगितलं की मला रागही धड आला नाही. पण मला जायचं नाही. सहा वर्षांपूर्वी घड्याळवाल्या आजोबांचं घर उघडून मी मोंतेब्रेन्नो या डोंगरावरच्या गावात राहायला आले ती कायमची आले, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

म्हणून हा उद्योग. पेरुजातल्या एका सहल कंपनीच्या सिन्योरा ग्वेरीनी मला चार शनिवार देऊन बघणार आहेत. दर शनिवारी बारा माणसं, सकाळी साडेनऊला छोट्या बसने वर येणार, संध्याकाळी पाचला परत. नाव ठेवलं आहे ‘निवांत दिवस’. जमलं तर ऑक्टोबरपर्यंत काम, नाही तर फरश्या.

वेळापत्रक केलं आहे. वेशीचा दरवाजा १५ मिनिटं, सान बियाजोचं देऊळ आणि त्यातलं, येशूबाळाला भेटायला आलेल्या तीन राजांचं भिंतिचित्र २० मिनिटं, बुरूज ३५ मिनिटं, मग फोस्कोच्या खानावळीत जेवण. फोस्कोने तो कागद कॉफीच्या यंत्राला टेकवून वाचला आणि म्हणाला, "पंडिताबाई, यात निवांत कुठल्या मिनिटाला व्हायचं तेही लिहा, म्हणजे मी पाव त्याच वेळी आणतो."

अडचण एकच, सान बियाजोची किल्ली. दारावर पुठ्ठा आहे, ‘किल्ली समोरच्या घरी’. समोरच्या घरी झेलिंदामावशी, वय सत्त्याऐंशी. किल्ली आधी त्यांच्या आईकडे होती, तिच्या आधी आजीकडे. मी विनंती केली की चार शनिवारांपुरती किल्ली माझ्याकडे द्या, तुम्हाला त्रास नको. त्या म्हणाल्या, "किल्ली तुला दिली तर मी सकाळी उठू कशाला?"



६ एप्रिल, शनिवार

पहिला दिवस. एका शब्दात सांगायचं तर उशीर.

दरवाजापाशी सगळं वेळेवर झालं. दहाला मी झेलिंदामावशींचं दार वाजवलं. त्या बाहेर आल्या, लोकरी जाकीट उलटं घातलेलं, शिवणी वर. समोर बारा माणसं उभी असताना मला विचारतात, "किती जण?" मी बारा म्हटलं. मग प्रत्येकाशी हस्तांदोलन. नुसतं नाही, हात हातात धरून ठेवायचा, कुठले, काय करता, आई आहे का, हात इतके गार का. हे अकरा मिनिटं चाललं. मी मोजली.

कुलूप उघडायलाही वेळ. आधी बोटाने भोक चाचपायचं, मग किल्ली, मग दार खांद्याने किंचित वर उचलायचं. आत मिट्ट काळोख. भिंतीवर पेटी आहे, तिच्यात नाणं टाकलं की तीन मिनिटं दिवा लागतो. मी नाणं शोधते आहे तोवर यांचं काळोखातच सुरू. हा पहिला राजा, याची दाढी बघा. हा दुसरा, याला घाई आहे. हे बाळ, याचा पाय बघा कसा गुबगुबीत. लोक अंधारात माना डोलावतायत. दिवा लागला तरी त्यांनी वळून पाहिलं नाही, लोकांकडे तोंड करूनच बोलत राहिल्या. आपल्याच गावच्या चित्राकडे पाहायचीही यांना इच्छा नसावी याचं मला वाईट वाटलं.

आणि सांगतात काय, तर चित्रकाराला गावाने मजुरी म्हणून हिवाळाभर मसूर खायला घातली आणि मसुरीचा कंटाळा आला म्हणून त्याने राजांच्या हातातल्या पेटाऱ्यात मटण रंगवलं. याला कसलाही आधार नाही. चित्रकाराचं नाव माहीत नाही, वर्षही अंदाजाने चौदाशे पन्नासच्या आसपास. हे मी नंतर रस्त्यात सांगितलं. दोघातिघांनी ऐकलं.

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना घरात बोलावलं. बडीशेपेची बिस्किटं आणि गोड वाइन. वाइन ओतताना पेल्याच्या आत बोट घालून ठेवतात. मी मान फिरवली. वीस मिनिटांच्या जागी देवळातच एक तास दहा मिनिटं, आणि घरात त्याच्या दुप्पट. बुरूज रद्द. फोस्कोची चूल दोनला विझते, आम्ही पावणेदोनला पोचलो. त्याने घड्याळाकडेही पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

९ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस विचार केला. मी अन्याय तर करत नाही ना? म्हातारं माणूस आहे, बोलायला कुणी नाही. पण हे माझं शेवटचं साधन आहे आणि लोक इथे येतात ते खरं काही कळावं म्हणून. खोटं ऐकायला त्यांना इतका चढ चढायची गरज नाही.

म्हणून भिंतिचित्राची खात्रीची माहिती एका पानावर, मोठ्या ठळक टाइपात छापून काढली आणि झेलिंदामावशींना नेऊन दिली. शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं की शनिवारी एवढंच सांगितलं तर बरं होईल. त्यांनी कागद मांडीवर ठेवला, उलटा, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुझं."

मी म्हटलं, ते छापलेलं आहे. त्या म्हणाल्या, मग छापणाऱ्याचं छान आहे.

एक ओळही वाचली नाही. माझी खिल्ली उडवत होत्या हे न कळायला मी लहान नाही.

१३ एप्रिल, शनिवार

दुसरा शनिवार. देऊळ एक तास पाच मिनिटं. पाच मिनिटं वाचली ती एक बाई हात धरू देईना म्हणून.

आज नीट लक्ष दिलं तेव्हा एक नवंच कळलं. मसुरीनंतर कुत्रा येतो. तिसऱ्या राजाच्या टाचेशी बसलेला कुत्रा, पावभट्टीवाल्याचा, चित्रकाराला रोज चावायला यायचा म्हणून त्याने त्याला भिंतीत डांबलं. हे सांगताना झेलिंदामावशी त्या कोपऱ्याकडे हात करतात आणि थांबतात, जणू आता काहीतरी होणार. तिथे कुत्रा नाही. तिथे काहीच नाही. लोक पाहतात, एकमेकांकडे पाहतात, मान डोलावतात. सभ्य माणसं आहेत.

घरी येऊन देवळातल्या चित्रांची यादी काढली. सहा वर्षांपूर्वी भूकंपाच्या नुकसानीची पाहणी झाली तेव्हा सरकारी कलाखात्याने केलेली, माझ्याकडे तिची प्रत आहे. उजवा कोपरा खाली: ‘गिलावा’. एकच शब्द. मसूर तरी गोष्ट म्हणून सोडता येते, पण जे दिसत नाही ते समोर बोट दाखवून आहे म्हणून सांगायचं म्हणजे फार झालं.

२० एप्रिल, शनिवार

जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे उद्या मला ते बदलता येणार नाही.

देवळात आरेत्सोचे एक निवृत्त शिक्षक होते, चष्मा पुसून पुसून बघणारे. कुत्र्याची गोष्ट झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "कुत्रा कुठे आहे?"

झेलिंदामावशींनी हात केला. "हा काय, टाचेशी. सगळे बाळाकडे बघतायत, हा एकटा तुमच्याकडे बघतोय."

शिक्षक वाकले. दिवा विझला. मी नाणं टाकलं. पुन्हा वाकले आणि मग माझ्याकडे पाहायला लागले. मी माहीतगार, मी जबाबदार. मी म्हणाले, "तिथे कुत्रा नाही, मावशी. कधी नव्हता. यादीत तिथे नुसता गिलावा आहे."

त्यांनी विचारलं, "नुसता गिलावा?"

"हो. करडा. दोन हात रुंद."

"आणि राजाचा पाय?"

"गुडघ्याखाली नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जाकिटाच्या खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली, माझ्या हाताच्या बरीच डावीकडे, म्हणजे मला बाजूला सरकून ती घ्यावी लागावी. आणि बाकांच्या कडेला हात लावत लावत बाहेर गेल्या. निरोप नाही, बिस्किटं नाहीत.

देऊळ पंचवीस मिनिटांत झालं. बुरूज झाला. जेवण वेळेवर. शिक्षकांनी जाताना माझे आभार मानले.

मी खरं बोलले. हे मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, कारण ते खरं असूनही कुणाला तरी पटवून देण्यासारखं वाटत होतं.

२३ एप्रिल, मंगळवार

किल्ली माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आहे. वीतभर लांब, लोखंडी, हाताला वास येतो.

फोस्को तीन दिवस माझ्याशी बोललेला नाही. कॉफी ठेवतो आणि पाठ फिरवतो. पंडिताबाईसुद्धा म्हणत नाही. आज पोस्टात रांगेत उभी होते, माझ्या पुढच्या दोघी बोलत होत्या त्या थांबल्या. एका म्हातारीच्या सवयीला हरकत घेतली म्हणून अख्खं गाव फुगून बसावं? इथे कुणाला काही सुधारायचंच नाही. मी बहिणीला फोन करणार होते, केला नाही. ती म्हणेल ये.

२७ एप्रिल, शनिवार

शेवटचा शनिवार, आणि आज सिन्योरा ग्वेरीनी स्वतः आल्या होत्या.

कुलूप उघडेना. मी किल्ली फिरवली, उलटी फिरवली, तेल आणायला धावले. शेवटी आठवलं, दार उचलायचं असतं. उचललं तर ते एकदम सुटलं आणि मी आत जवळजवळ पडलेच. मग नाणं टाकलं आणि माझं पान सांगितलं. चौदाशे पन्नासचा सुमार, चित्रकार अज्ञात, चुन्यावरचे रंग, दोन वेळा दुरुस्ती. दिवा दोनदा विझला. नऊ मिनिटांत सगळं झालं. आणखी काही विचारायचं आहे का म्हटलं तर एका गृहस्थाने स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

अकरा चाळीसला आम्ही चौकात होतो, पुढे पाच तास वीस मिनिटं. लोक बाकावर बसून फोन बघत होते. हवं तेवढं निवांत.

सिन्योरा ग्वेरीनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्या आजीबाई कुठे आहेत? आल्या नाहीत म्हटल्यावर त्यांनी अभिप्राय वाचून दाखवले. छत्तीस माणसांतल्या एकतीस जणांनी झेलिंदामावशींबद्दल लिहिलं होतं. एक बाई म्हणते, आई गेल्यापासून माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता. बुरुजाबद्दल एकानेही लिहिलेलं नाही. सिन्योरा ग्वेरीनी म्हणाल्या, "तुमच्याबद्दलही आहे एक. माहिती अचूक होती म्हणून."

बस गेल्यावर मी खानावळीत बसून राहिले. फोस्को खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता. मी म्हटलं, काय ते एकदाचं बोल. तो आतल्या खोलीत गेला आणि एक तसबीर आणून माझ्यापुढे ठेवली. त्याच्या आईवडिलांचं लग्न, एकाहत्तर साल, सान बियाजो. नवरानवरीच्या मागे भिंत. तिसऱ्या राजाचा पाय, तांबडा जोडा, आणि जोड्याशी कुत्रा. पांढरा, एक कान उभा, सगळ्यांकडे पाठ करून फोटो काढणाऱ्याकडे बघणारा.

"भूकंपात पडला," तो म्हणाला. "आम्हीच झाडून गोळा केला. वाइनच्या दोन खोक्यांत भरून सरकारी माणसांनी नेला."

मी विचारलं, मग मावशींना माहीत नाही?

"दिसत नाही तिला. भूकंपाच्या आधीपासून. उजेड-अंधार कळतो, बस. भूकंपानंतर दोन महिने भाचीकडे होती. आली ती थेट किल्ली मागायला आली. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. कोण सांगणार?"

उलटं जाकीट. पेल्यातलं बोट. कागदावर फिरवलेला हात. मी सगळं पाहिलं होतं आणि वेळेसकट लिहून ठेवलं होतं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? सहा वर्षं राहते आहे इथे."

"तुला सांगितलं असतं तर तू अर्ज केला असतास, पंडिताबाई. आंधळ्या बाईकडे देवळाची किल्ली, बिशपच्या कचेरीत दोन प्रती. त्यांनी नवीन कुलूप घातलं असतं आणि देऊळ बंद."

मला म्हणायचं होतं की मी तशी नाही. घरी चालत येईपर्यंत विचार केला. केला असता. चांगल्या हेतूने, सुवाच्य अक्षरात केला असता.

आणखी एक नोंद, कारण ती टाळावीशी वाटते आहे. यादीत ‘गिलावा’ एवढंच होतं. ‘कधी नव्हता’ हे शब्द माझे. त्यांना कसलाही आधार नव्हता.

२८ एप्रिल, रविवार

सिन्योरा ग्वेरीनींचा निरोप सकाळी आला. ऑक्टोबरपर्यंत काम द्यायला तयार, अट एकच, देऊळ आजीबाईंनी उघडायचं. उत्तर उद्यापर्यंत.

म्हणजे आता माफी मागायला जावं तर ती माफी की कामाचा भाग? तीनदा जोडे घातले, तीनदा काढले. समोर बसून मी मान खाली घालीन आणि मनात शनिवार मोजत असेन. त्यांना ते दिसणार नाही, पण कळेल. त्यांना सगळं कळतं असं आता वाटायला लागलं आहे, आधी काहीच कळत नाही असं वाटायचं. दोन्ही माझीच मतं.

दुपारी तीनला उत्तर पाठवलं. सिन्योरा झेलिंदा येऊ शकणार नाहीत, कृपया पुढचे शनिवार धरू नयेत. मग बहिणीला फोन करून सांगितलं की सहा मेला येते. ती रडली, आनंदाने. मला वाटलं होतं की हात मोकळे केले की हलकं वाटेल. काही वाटलं नाही. थोडी भूक लागली.

२९ एप्रिल, सोमवार

सकाळी किल्ली घेऊन गेले. मी दार वाजवायच्या आत आतून आवाज आला, "ये. घड्याळवाल्याच्या घरची माणसं पायरीवर थांबून विचार करतात. तुझा आजोबाही करायचा."

झेलिंदामावशी टेबलाशी बसून वालाच्या हिरव्या शेंगा सोलत होत्या. मी पाठ करून आणलेलं बोलायला लागले. पहिल्या वाक्यालाच त्यांनी शेंगांचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, हात चालू ठेव, तोंड कमी थरथरतं. म्हणून सोलत सोलत सांगितलं. यादी, तो एक शब्द, माझे दोन शब्द, फोस्कोची तसबीर. अर्ज करणार नाही हेही सांगितलं. मग, काही लपवल्यासारखं नको म्हणून, सिन्योरा ग्वेरीनींची अट आणि माझं उत्तर.

त्यांचे हात थांबले. "नाही म्हणून कळवलंस? मला न विचारता?"

मी म्हटलं, तुमची माफी विकत घेतल्यासारखी होऊ नये म्हणून.

"अगं, शनिवारी मला काय काम असतं असं वाटलं तुला? नाचायला जाते मी?"

त्या शेंगा सोलायला लागल्या, पण जोरात, दाणे टेबलावरून उडायला लागले. म्हणाल्या, त्या दिवशी मी चुकीचं सांगतेय असं समजून तू माझ्यावर चिडलीस, आणि काल मी दुखावलेय असं समजून घर मोडायला निघालीस. दोन्ही वेळा येऊन विचारायचं होतंस, देवळाच्या दारापासून चार पावलं आहेत. चार नाहीत, नऊ आहेत, पण ते मी बोलले नाही.

मग त्या म्हणाल्या, "पूर्वी तिथं लोक हसायचे. कुत्र्यापाशी. मी थांबायची आणि ते हसायचे. गेली काही वर्षं कुणी हसेना. मला वाटलं, हल्लीच्या लोकांना कुत्रे आवडत नाहीत."

मी आणखी एक शेंग सोलली. आत काही नव्हतं.

"गावात सगळे मला हो म्हणतात," त्या म्हणाल्या. "फोस्को हो म्हणतो, पाद्री हो म्हणतात. नाही म्हणालीस ती तू एकटी. वाईट म्हणालीस, बारा माणसांपुढे म्हणालीस. पण आता तूच सांग. काय काय गेलंय? सगळं सांग. गोड करून नको."

मी तयारच होते. खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाय, जोडा, कुत्रा. मधली भेग, बाळाच्या खांद्यापर्यंत. बाळ आहे? आहे. गुबगुबीत पाय? आहे. त्यांनी हात टेबलावर सपाट ठेवला. पहिल्या राजाची दाढी आहे, रंग उडाला आहे. निळं आकाश? मी म्हटलं, करडं. त्या म्हणाल्या, करडं म्हणजे ओलं की खरवडलेलं? मला सांगता येईना. मग त्यांनी विचारलं, "आणि वर डावीकडे उंट? तीन. तिसऱ्याने जीभ बाहेर काढलीय."

यादीत वरच्या पट्ट्यापुढे लिहिलं आहे, ‘उंचीमुळे पाहणी केलेली नाही’. ते वाक्य मला पाठ आहे. सहा वर्षांत मी ते कितीतरी वेळा वाचलं, आणि मान वर करून एकदाही पाहिलं नाही. मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही.

"मग तू चार शनिवार सांगत काय होतीस?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कुतूहल वाटल्यासारखं, म्हणून जास्त झोंबलं.

त्यांच्याच टेबलावरून सिन्योरा ग्वेरीनींना फोन केला. त्या वैतागल्या, आणि वैतागणं साहजिक आहे. पुढचा शनिवार त्यांनी दुसऱ्या गावाला देऊन टाकला होता. शेवटी म्हणाल्या की अकरा मे, एक दिवस, बारा माणसं, मग बघू. ऑक्टोबरचं नाव काढलं नाही. बहिणीला कळवलं की अकरापर्यंत तरी येत नाही. तिने फोन ठेवला. म्हणजे दोन्हीकडे मी शब्द फिरवला, आणि हातात आहे एक शनिवार.

झेलिंदामावशी यायला कबूल आहेत, पण त्या भिंतीपुढे पुन्हा उभ्या राहायच्या आधी त्यांना तिथलं इंच न् इंच ऐकायचं आहे. कुत्र्याची गोष्ट त्या सांगणारच. तो पडला हेही सांगणार, आणि कोणी हसलं नाही तरी चालेल म्हणाल्या. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती चाचपली, वजन घेतलं आणि माझ्या हातात परत ठेवली, या वेळी बरोबर मधोमध. अकरापर्यंत तुलाच लागेल म्हणाल्या. दार उचलून उघड, ढकलू नको.

तिसऱ्या उंटाची जीभ आहे की नाही, मला खरंच माहीत नाही.

उद्या: फोस्कोकडून ऑलिव्ह उतरवायची उंच शिडी मागून आणणे.